यादीत अत्तिला नव्हता

सासऱ्यांच्या हातातला चमचा ताटलीवर आदळला. पत्र्याची ताटली, त्यामुळे आवाज केवढा तरी झाला. पाळण्यातलं बाळ दचकलं, पण रडलं नाही. मी नुकतंच म्हटलं होतं, "इश्तवान नाही ठेवायचं."

"पुन्हा बोल," सासरे म्हणाले.

"इश्तवान नाही, बाबा. अत्तिला."

माझा नवरा डेनेश घेवड्याच्या सारात असा बघत राहिला, की जणू उत्तर तळाशी बसलंय. सासूबाई चुलीपाशी पाठमोऱ्या होत्या. मक्याची उकड घोटायचा दांडा त्यांच्या हातात तसाच थांबला. वळल्या मात्र नाहीत.

बाळ नऊ दिवसांचं होतं. त्याच्या नावाचा प्रश्नच कुणाला पडला नव्हता, मला सोडून. इश्तवान म्हणजे माझे थोरले दीर. मी त्यांना पाहिलेलं नाही. मी या घरात आले त्याच्या सात वर्षं आधी ते लष्करातल्या सक्तीच्या नोकरीत तापाने गेले, विसाव्या वर्षी. आमच्याकडे रीत अशी, की घरातलं कुणी तरणंताठं गेलं की पुढच्या पहिल्या मुलाला त्याचं नाव द्यायचं. नाव मोकळं फिरू द्यायचं नाही. मला दिवस गेल्याचं मी अजून धड सांगितलंही नव्हतं, तेव्हाच सासूबाई शेजारणीला म्हणाल्या होत्या, "आमचा इश्तवान येणार आहे."

"अत्तिला," सासऱ्यांनी तो शब्द तोंडात फिरवून पाहिला. "हूणांचा राजा? ज्याच्या घोड्यांची धूळ दिसली की शहरंच्या शहरं भांडीकुंडी टाकून पळायची, तो?"

"तोच."

"माझ्या नातवाला?"

"तुम्हीच तर म्हणता, आपण सेकेय लोक त्याच्याच वंशातले. तिसऱ्या पेल्यानंतर दर वेळी म्हणता."

डेनेशला ठसका लागला. सासऱ्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि तो थांबला.

खरं तर अत्तिला, म्हणजे देवाचा आसूड, आमच्या आळीत रोज तोंडी असतो. कुणाच्या पोराने सुगड फोडलं की "आला देवाचा आसूड!" बैलाने कुंपण मोडलं की त्यालाही तेच. त्याच्या राणीच्या नावाचा ओढा आमच्या कुरणातून वाहतो आणि त्यात आम्ही गोधड्या धुतो. आभाळात जो पांढरा पट्टा दिसतो त्याला आम्ही सैन्याची वाट म्हणतो; अत्तिलाचा धाकटा मुलगा त्या वाटेने घोडदळ घेऊन आमच्या मदतीला येणार आहे, असं प्रत्येक आजोबा प्रत्येक नातवाला सांगतो. पण हे सगळं फुटक्या मडक्यापुरतं आणि पेल्यापुरतं. आमच्या आळीत कुणी तो पाळण्यात आणून निजवला नव्हता.

"लोक काय म्हणतील?" सासरे म्हणाले.

"कचेरीतले काय म्हणतील ते विचारा, बाबा. लोकांचं मी बघते."

आमच्याकडे प्रत्येकाला दोन नावं असतात. एक हाक मारायला, एक कागदावर. बोलतो आम्ही हंगेरियन, राहतो रोमानियात, आणि नोंदणी कचेरीच्या खणात एक यादी आहे. तिच्यात डावीकडे आमची नावं, उजवीकडे त्यांची. डावीकडचं सांगायचं, उजवीकडचं लिहून मिळतं. मी बोरबाला, घरात बोरी, कागदावर वार्वारा. डेनेश कागदावर डियोनिसिये. लाकूड कारखान्यात मुकादम हजेरीला "डियोनिसिये!" ओरडतो तेव्हा शेजारच्याला कोपर मारावं लागतं, "अरे, तूच तो." सासरे गेर्गेय, पेन्शनच्या पुस्तकात ग्रिगोरे. आणि इश्तवानचं होतं श्तेफान.

"कागदावर काय का असेना," डेनेश हळूच म्हणाला. "घरात आपण इश्तवानच म्हणू की. कोण अडवतंय?"

आणि तेव्हा मी ते बोलले. बोलायला नको होतं असं मला त्या क्षणीही वाटलं, आजही वाटतं. आणि पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा बोलेन.

"तेव्हाही घरात इश्तवानच म्हणत होतात. म्हणून तर तार परत गेली."

त्या तारेबद्दल या घरात कुणी बोलत नाही. मला डेनेशने लग्नानंतर वर्षभराने सांगितलं, तेही गवत कापताना, माझ्याकडे पाठ करून. फेब्रुवारी होता. पोस्टमन गुडघाभर बर्फातून फाटकाशी आला. तार रोमानियनमध्ये होती : सैनिक श्तेफान केलेमेन अत्यवस्थ, घरच्यांनी ताबडतोब यावं. आमच्या गावात आमच्यासकट निम्मी घरं केलेमेन आहेत. पोस्टमनने विचारलं, "श्तेफान केलेमेन तुमच्याकडचा का हो?" सासूबाईंचे हात पिठात होते. त्या म्हणाल्या, "नाही रे बाबा, श्तेफान पुलापलीकडचा. वनरक्षकाचा." कारण गावात खरोखर ज्याला श्तेफान अशी हाक मारत असा तेवढा एकच होता, त्याची आई रोमानियन, आणि तोही त्या वर्षी लष्करातच गेलेला. पोस्टमनला पटलं. कुणालाही पटलं असतं. सासूबाईंनी तर त्या बाईसाठी दोन मिनिटं हात जोडून प्रार्थनाही केली.

वनरक्षक वरच्या जंगलात खोपीवर गेला होता, बायको माहेरी. तार चार दिवस त्यांच्या दाराच्या फटीत राहिली. तो परतला, त्याने पलटणीचा आकडा वाचला, आपल्या मुलाचा नाही हे ओळखलं आणि धावत आमच्या फाटकाशी आला. सासरे त्याच पावली निघाले. आगगाडीला दीड दिवस लागला. तिथे शवपेटीला खिळे मारून झाले होते आणि झाकणावर खडूने श्तेफान लिहिलं होतं. सासरे शिपायाला म्हणाले, "ही आमची नाही." झाकण उघडायला लावलं.

मी तारेचं नाव काढलं तेव्हा सासूबाईंनी दांडा चुलीच्या कडेला ठेवला, हात पुसले आणि गोठ्यात निघून गेल्या. उकड करपली. कुणी उठलं नाही.

"झालं समाधान?" सासरे म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट. "उद्या डेनेशची पाळी सुटली की आम्ही दोघं कचेरीत जाऊ. इश्तवान लिहून येऊ. तू घरात बस. अजून तुझे सहा आठवडे व्हायचेत."

सहा आठवडे म्हणजे बाळंतिणीची बंदी. पाद्र्याने देवळात नेऊन आशीर्वाद देईपर्यंत तिने फाटकाबाहेर पाय टाकायचा नाही. ती विहिरीवर गेली तर पाण्यात किडे होतात, शेताच्या बांधावरून गेली तर गारा पडतात. हे मी लहानपणापासून ऐकत आले होते आणि खोटं असेल असं मला कधी वाटलंही नव्हतं. बायका घरात बसतात म्हणून नाव लिहायला पुरुष जातात, आणि कचेरीत पुरुष टोपी हातात घेऊन उभे राहतात, आणि जे लिहून मिळेल ते घेऊन येतात.

अत्तिला हे नाव मला बाळंतपणाच्या वॉर्डात मिळालं. शेजारच्या खाटेवर एक मास्तरीण होती. तिसरी मुलगी झाली म्हणून नवरा भेटायला आला नव्हता, त्यामुळे तिला बोलायला वेळच वेळ. "असं नाव शोध," ती माझ्या कानाशी म्हणाली, "ज्याला उजवीकडे जोडीदारच नाही." तिने चार-पाच सांगितली. मी झोपलेल्या बाळाकडे बघत एकेक लावून पाहिलं. बाळाची मूठ माझ्या अंगठ्याएवढी होती, नखं कागदासारखी. आणि मला वाटलं, याला सगळ्यांत मोठं द्यायचं. ज्याच्या नावाने राजे घोडे वळवून पळाले, ते कुणा कारकुनाला बदलता यायचं नाही. दीड हजार वर्षं त्याला सगळ्यांनी शिव्या दिल्या, पण सगळ्यांनी त्याच नावाने दिल्या.

सोमवारी सकाळी डेनेश पहिल्या पाळीला गेला. जाताना आपलं ओळखपत्र मिठाच्या बरणीखाली ठेवून गेला. चुकून राहिलं, असं तो अजूनही म्हणतो. डेनेश काही विसरल्याचं मी आजतागायत पाहिलेलं नाही.

मी ते घेतलं, माझं घेतलं, लग्नाचा दाखला घेतला, इस्पितळाची चिठ्ठी घेतली. बाळाला शालीत बांधून पोटाशी धरलं. सासरे परड्यात लाकडं फोडत होते. ओंडक्यावर कुऱ्हाड बसली की एकेक पाऊल टाकत मी फाटकातून बाहेर पडले.

तिसऱ्याच घरासमोर पिरोश्का मावशी होत्या. त्यांनी मला पाहिलं, छातीवर क्रूस काढला आणि आधी विहिरीवर झाकण ओढलं.

"बोरी! अगं, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? दहा दिवसांची बाळंतीण तू! गारा पडतील, गारा! माझे बटाटे आत्ता कुठे वर आलेत!"

"मग झाका, मावशी."

"झाकू? अर्धा एकर झाकू? देवाचा आसूड आहेस मेली!"

"मी नाही," मी म्हटलं आणि शाल जरा बाजूला केली. "हा."

मागून त्या बराच वेळ काय काय म्हणत होत्या. मला चांगलं वाटत होतं. मे महिना, कुंपणावर लायलॅक फुललेला, आणि मी गावाच्या मधोमध चालत होते आणि बायका एकेक करून फाटकं लावून घेत होत्या. एवढी दहशत आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या वाट्याला येत होती.

गाव संपतं तिथे रस्त्याकडेला लाकडी क्रूस आहे. तिथे दम खायला थांबले, तर मागून बुटांचा आवाज. सासूबाई. रविवारचा काळा घागरा, काळा रुमाल, हातात प्रार्थनेचं पुस्तक. त्या मला परत न्यायला आल्यात असंच मला वाटलं, आणि मी बाळाला घट्ट धरलं.

त्या जवळ आल्या. धापा टाकत होत्या.

"डोकं उघडं पडलंय त्याचं," त्या म्हणाल्या. "आण इकडे. तू अजून ओली आहेस, वजन उचलू नये."

बाळाला घेतलं आणि पुढे चालायला लागल्या. खालच्या शहराच्या दिशेने.

सहा किलोमीटर चाललो. मध्ये एकदा बाळाला पाजायला थांबलो, तेव्हा त्या रस्त्याकडे पाठ करून माझ्यापुढे आडोशाला उभ्या राहिल्या.

कचेरीत औरिकाबाई होत्या. डोंगरांपलीकडच्या सपाटीवरून बदली होऊन आलेल्या, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या. मे महिन्यातही खोली इतकी गार, की त्या अंगात लोकरीचं जाकीट घालून बसल्या होत्या. टेबलावर सूर्यफुलाच्या बियांची टरफलं. त्यांनी हाताच्या कडेने ती खणात लोटली आणि वही पुढे ओढली.

"बापाचं नाव?"

"डियोनिसिये."

"आईचं?"

"वार्वारा."

"बाळाचं?"

"अत्तिला."

पेन थांबलं. औरिकाबाईंनी खण उघडला, टरफलांखालून यादी काढली. कार्बनची तिसरी-चौथी प्रत असावी. अक्षरं पुसट, कडा तेलकट. त्यांचं बोट खाली उतरत गेलं. आदाम, आगोश्तोन, अँद्राश, आंताल. बोट 'ब'वर पोचलं, पुन्हा वर गेलं.

"नाही यात."

"माहीत आहे."

"यादीत नाही म्हणजे ठेवता येत नाही."

"यादी कशाची आहे, बाई?"

"ज्या नावांना रोमानियन रूप आहे त्यांची."

"आणि ज्यांना नाही त्यांचं काय करायचं, हे कुठे लिहिलंय?"

त्यांनी कागद उलटून पाहिला. मागे काहीच नव्हतं. हे त्यांनाही पहिल्यांदाच दिसलं असावं.

"मी अतानासिये लिहिते," त्या म्हणाल्या. "जवळचंच आहे. संताचं नाव आहे. शोभेल."

"तो निराळा माणूस आहे."

"अहो, पण हा कोण होता कल्पना आहे? रानटी! जाळपोळ करत आला आणि जाळपोळ करत गेला. लहानपणी आमची आजी म्हणायची, जेव, नाहीतर अत्तिला येईल."

"आमची म्हणायची, जेव, म्हणजे अत्तिला होशील."

औरिकाबाईंना हसू फुटलं. त्यांनी ते लगेच आवरलं आणि दाराकडे बघितलं. दार बंद होतं.

"हे बघा. वरून विचारणा होईल. हे नाव मुद्दाम ठेवलंय असं म्हणतील."

"मुद्दामच ठेवलंय."

असं बोलायचं नसतं, तेव्हा तर अजिबातच नव्हतं. त्यांचा चेहरा मिटला. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"नवऱ्याला पाठवा. तो समजूतदार असेल. चार दिवस आहेत अजून. चौदा दिवस उलटले तर दंड होईल, आणि मग मला योग्य वाटेल ते मी लिहीन." मग जरा मऊ आवाजात, बाळाकडे बघत, "अहो, कागदावर काय का असेना? घरात म्हणा की अत्तिला. कोण अडवतंय?"

तेच वाक्य. कालचंच, दुसऱ्या भाषेत.  

"काय म्हणतेय ती?" सासूबाईंनी विचारलं. त्यांना रोमानियन येत नाही.

मी सांगितलं. जसंच्या तसं.

त्यांनी बाळ माझ्याकडे दिलं. प्रार्थनेचं पुस्तक उघडलं, त्याच्या शेवटच्या पानातून घडी केलेला एक कागद काढला आणि औरिकाबाईंच्या वहीवर ठेवला. घडीच्या रेषेवर तो फाटायला आला होता. तार. ती त्यांनी ठेवली असेल हे मला माहीत नव्हतं, डेनेशला नव्हतं, सासऱ्यांनाही नव्हतं. अकरा वर्षं दर रविवारी ती त्यांच्याबरोबर देवळात जात होती.

त्यांनी नावावर बोट ठेवलं. आणि त्यांना येत असलेले दोन रोमानियन शब्द उच्चारले.

"श्तेफान नाही."

औरिकाबाईंनी वाचलं.

"श्तेफान नाही," सासूबाई पुन्हा म्हणाल्या. "इश्तवान. माझा."

बाकीचं मी सांगितलं. फाटक, पीठ, पुलापलीकडचं घर, चार दिवस. माझं रोमानियन शाळेतलं आहे, त्यात अशा गोष्टी सांगायला फार शब्द नाहीत, थोडक्यात झालं. मध्येच बाळ कुरकुरलं, तर सासूबाईंनी न बघता हात लांबवून त्याला थोपटलं.

"किती वर्षांचा होता?" औरिकाबाईंनी विचारलं.

"वीस."

 औरिकाबाईंनी तार तिच्या जुन्याच घड्यांवर घडी केली आणि दोन्ही हातांनी सासूबाईंना परत दिली. यादी खणात टाकली. पेनाचं टोपण काढलं.

"सावकाश सांगा," त्या म्हणाल्या. "मला हे लिहायची सवय नाही."

लिहिताना त्यांनी श्वास धरला होता, लहान मुलं धरतात तसा. शिक्का मारला, दाखला फुंकरीने वाळवला.

"मोठा होऊन ही कचेरी जाळायला आला," त्या म्हणाल्या, "तर त्याला सांगा, लिहिणारी मी होते. आणि मी हसले होते हे बाहेर कुठे बोलू नका."

परतीच्या वाटेवर क्रूसापाशी सासूबाई थांबल्या.

"मला इश्तवानच हवं होतं," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे, आई."

"अजूनही हवंय."

  त्यांनी रुमालाच्या टोकाने नाक पुसलं, बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि चालू लागल्या. फाटकात सासरे उभे होते, शेजारी डेनेश, अजून कारखान्याच्या कपड्यांत. सासऱ्यांनी तोंड उघडलं. सासूबाई म्हणाल्या, "बाजूला व्हा, त्याला ऊन लागतंय," आणि आत गेल्या.

जुलैत गारा पडल्या. कबुतराच्या अंड्याएवढ्या. पिरोश्का मावशी सबंध उन्हाळा माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि बटाटे काढायला मी दोन दिवस त्यांच्याकडे राबले तेव्हा कुठे म्हणाल्या, "तसे फार काही गेले नाहीत म्हणा."

पाद्रीबाबाही आधी कुरकुरले. अत्तिला नावाचा संत नाही. देवळाच्या इतिहासात तो एकदाच येतो, रोमच्या दारात, आणि तेव्हाही पोपने जाऊन त्याला परत पाठवलं. "पण गेला ना परत?" सासूबाई म्हणाल्या. "म्हणजे ऐकणारा होता."  देवळाची वही आमच्या भाषेत असते, तिला यादी नाही. तिच्यात पाद्रीबाबांनी लिहिलं : अत्तिला इश्तवान. सासूबाईंनी वाकून, बोट लावून दुसरं नाव वाचलं. मग पहिलं.

सासऱ्यांनी मात्र वर्षभर नाव घेतलं नाही. "तो उठला का," "त्याला भरवलं का." पोर चालायला लागलं आणि एक दिवस त्यांची काठी दोन पायांत धरून, घोडा करून, कोंबड्यांच्या थव्यात घुसलं. अंगणभर पिसं. सासरे पायरीवर बसले होते. आधी हसले, मग उठून ओरडले, "अत्तिला! डावीकडून घे, डावीकडून!" त्या दिवसापासून त्यांना जे तोंड फुटलं ते आजवर बंद झालेलं नाही. त्यांच्याइतका अत्तिला आता आमच्या खोऱ्यात कुणाला माहीत नसेल. निम्मा तर त्यांनीच घडवलाय.

या उन्हाळ्यात तो सहा वर्षांचा झाला. परवा आम्ही सगळे वरच्या कुरणात गवत ओढायला गेलो होतो. दुपारी गंजीच्या सावलीत बसलो. पाव, कांदा, मेंढीचं चीज, ओढ्यात गार करायला ठेवलेली दुधाची बरणी. गेल्या हिवाळ्यात सरकार उलटलं तेव्हापासून कचेरीतली ती यादी बंद झाली असं डेनेश सांगत होता. आता म्हणे ज्याला जे हवं ते लिहून घेता येतं. सासरे ऐकतच नव्हते. त्यांचं चाललं होतं अत्तिलाला सांगणं, गुडघ्यावर चापट मारत.

"...आणि मग तो घोड्यावरून नुसता बघायचा. दरवाजे उघडले तर ठीक. नाही उघडले तर सबंध शहर! सकाळी शहर, संध्याकाळी धूर! नकाशावरून साफ! तिथे शहर होतं हेसुद्धा कुणाला आठवू नये असं!"

"बाबा, त्याला जेवू द्या," मी म्हटलं.

"जेवतोय की. जेव रे, हूणा."

अत्तिला जेवत नव्हता. पाव हातात तसाच होता. त्याच्या कपाळाला गवताची काडी चिकटली होती. मी ती काढली. त्याच्या केसांना ऊन आणि घाम यांचा वास येत होता, आणि मला नेहमीप्रमाणे वाटलं, हे नाव मी भांडून आणलंय, पायी चालत जाऊन आणलंय, आणि ते याला किती शोभतं.

"आई," तो म्हणाला. "त्या शहरात मुलं होती?"

"असतील ना."

"माझ्याएवढी?"

"तुझ्याएवढी. लहान, मोठी. सगळी."

त्याने थोडा विचार केला. आजोबा अजून धुराचंच सांगत होते. सासूबाईंचा कांदा चिरणारा हात थांबला होता.

"आई, त्यांची नावं काय होती?"